दुष्काळ आणि शेजारधर्म

जबलपूरच्या पश्चिमेस ग्रॅनाइटच्या टेकडीवर मदन महल नावाची एक लहानशी गढी आहे. गढा येथे राज्य करणाऱ्या गोंड राजांपैकी मदनसिंहाने ती बांधली, असे सांगतात. महाल म्हणावा असे तिच्यात फारसे काही नाही. एका प्रचंड शिळेवर बांधलेली टेहळणीची चौकी, एवढेच तिचे स्वरूप आहे. खालच्या अंगास एका खडकावर दुसरा खडक जेमतेम टेकलेला दिसतो. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा मोठा धक्का बसला, घरे कोसळली, तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो खडक मात्र होता तेथेच राहिला. प्रवासी हा चमत्कार पाहतात आणि परततात. टेकडीपासून थोड्या अंतरावर लोहमार्ग आहे आणि त्यावरील एका स्टेशनाला या गढीचेच नाव दिलेले आहे. त्या स्टेशनाकडे सहसा कोणी इतिहास शोधण्यासाठी पाहत नाही. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांतील जबलपूरची सुखदुःखे गढीपेक्षा या रुळांवरूनच अधिक आली आणि गेली.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे या दोन्ही मार्गांची जबलपूर येथे गाठ पडली. नर्मदेच्या खोऱ्यातील गहू मुंबई बंदरात आणि तेथून थेट विलायतेत जाऊ लागला. जबलपूरच्या उत्तरेस ज्याला हवेली म्हणतात तो काळ्या जमिनीचा प्रदेश आहे. पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी तुंबवावयाचे, ते सोडून द्यावयाचे आणि मग ओलीवर गहू पेरावयाचा, अशी तेथील जुनी रीत होती. भाव चढले, जमिनीच्या किमती चढल्या, आणि त्यांच्याबरोबर कर्जही चढले. १८९३ नंतर लागोपाठ दोन-तीन हिवाळे अवेळी पाऊस पडला, गव्हावर तांबेरा पडला, जवस बुडाले. आणि १८९६ साली ऑगस्टअखेर पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. दुष्काळ आला असे आपण म्हणतो तेव्हा तो एका वर्षी आला असे समजतो. पण घरातील कणगी त्यापूर्वीच तीन वर्षे रिकामी होत आलेली असते.

१८९७ साली मध्य प्रांतात मृत्यूचे प्रमाण दर हजारी सुमारे ६९ होते. १८९१ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या जवळ होती. १९०१ साली ती ६ लाख ८० हजारांवर आली. दहा वर्षांत वाढावयाची ती लोकसंख्या घटली. सरकारपाशी दुष्काळसंहिता होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाने घालून दिलेली चौकट होती: कामे काढावीत, धडधाकटांना खडी फोडावयास द्यावी, तलाव खणवावेत, अशक्तांसाठी गरीबखाने उघडावेत. नियम वाईट नव्हते. परंतु नियम अमलात केव्हा आणावयाचे, हे ठरविणाऱ्याला भुकेची चाहूल वेळेवर लागावी लागते, आणि ती मध्य प्रांतात उशिरा लागली, हा ठपका त्या सरकारवर आला. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा त्याच प्रांताच्या शासनाने फार लवकर आणि फार सढळ हाताने कामे व स्वयंपाकगृहे उघडली. फायलीतून शहाणपण येत नाही असे म्हणतात, ते सर्वस्वी खरे नाही. ते येते, पण पहिल्या खेपेची किंमत भलत्यांनाच मोजावी लागते.

१८९६ च्या अखेरीस ही बातमी पुण्यात पंडिता रमाबाईंच्या कानी गेली. शारदा सदन तेव्हा सात वर्षांचे झाले होते. विधवा मुलींची ती शाळा. तीत पन्नासेक मुली असतील. तिचा खर्च अमेरिकेतील देणगीदारांच्या मंडळाकडून येत असे. या पैशात दुष्काळपीडितांची सोय नव्हती, मुंबई इलाख्याबाहेर जाण्याचे तर काहीच कारण नव्हते. रमाबाईंनी प्रथम स्वतःची अशीच समजूत घातली. आपण दरिद्री, आपल्यापाशी जागा नाही, पैसा नाही, जाऊन करणार काय? मग त्यांना स्वतःची गोष्ट आठवली.

ती गोष्ट सांगितल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित. पत्नीला त्यांनी संस्कृत शिकविले आणि मुलीला आईने शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असे. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि ज्यांच्या दक्षिणेवर हे घर चालत होते त्यांच्याच घरी चूल पेटेना. शास्त्रीबोवांना मोलमजुरी ठाऊक नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. भांडी गेली, दागिने गेले, अखेर रानातील पाला खाण्याची पाळी आली. वडिलांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखविला. त्यांचा देह पडला, मागोमाग आईही गेली. तिला स्मशानात नेण्यास चार खांदे पुरे होईनात. दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा मुलगा, चौथी रमाबाई. स्मशान कोसभराहून अधिक दूर. रमाबाईंची उंची कमी, म्हणून तिरडी खांद्यावर घेता येईना. ती त्यांनी डोक्यावर वाहिली. त्यानंतर थोरली बहीणही गेली. राहिलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पदवीची कथा लोक आवडीने सांगतात. तिरडीची सांगत नाहीत.

पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोनच वर्षांत पतीही गेला, आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ साली विलायतेस गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराबद्दल महाराष्ट्रात वाद पुष्कळ झाला. कोणी त्यास फितुरी म्हटले, कोणी मोह म्हटले. त्यांनी स्वतः जे कारण सांगितले आहे ते ध्यानात घेण्यासारखे आहे. या भगिनींचे लंडनमध्ये एक आश्रयगृह होते. ज्या स्त्रियांना समाजाने वाटेवर टाकून दिले होते त्यांना तेथे जवळ केले जाई. हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रीला शिक्षा सांगणारी शास्त्रे त्यांना पाठ होती. तिला हात देणारा धर्म त्यांनी प्रथमच पाहिला. असे का, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. म्हणजे तर्काच्या दाराने नव्हे, आश्रयगृहाच्या दाराने रमाबाई या श्रद्धेत शिरल्या. त्यानंतरही चर्चच्या वरिष्ठांशी त्या सिद्धान्तांवरून वाद घालीत राहिल्या. कोणाची आज्ञा मुकाट्याने मानणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

तेव्हा १८९६-९७ च्या हिवाळ्यात मध्य प्रांतात आलेली बाई ही केवळ दयाळू मिशनरी नव्हती. गरीबखान्यात पडलेल्या सांगाड्यांत तिला स्वतःचे घर दिसत होते. दुष्काळावरील आपल्या अनुभवकथनात त्यांनी या गरीबखान्यांचे जे वर्णन केले आहे ते आजही वाचवत नाही. कोठे घर असे नव्हतेच, गावाबाहेरची उघडी जागा होती. अन्नात माती मिसळलेली असे. आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे तरुण मुलींची स्थिती. ज्यांनी त्यांना सांभाळावयाचे तेच त्यांचे सौदे करीत. शहरांतून कुंटिणी येऊन मुली निवडून नेत. सरकारी अहवालांत धान्याचा भाव, कामावरील माणसांची संख्या, मृत्यूंची संख्या, सर्व काही असते; ही गोष्ट त्यांत नसते, कारण तिच्यासाठी रकाना आखलेला नसतो. रमाबाईंनी ठरविले की तीनशे मुली घेऊन जावयाच्या. तीनशेंसाठी पैसे कोठून येणार, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी देवावर भार टाकला, असे त्या म्हणतात. हिशेबी माणसाला हे वाक्य मानवत नाही. पण हिशेबी माणसे तेव्हा मध्य प्रांतात पुष्कळ होती, आणि मुली तरीही विकल्या जात होत्या.

रेल्वेने मुली पुण्यास येऊ लागल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेग आला होता. अशक्त, रोगट मुलींचा एवढा जमाव शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सोलापूरच्या मार्गावर, केडगाव येथे रमाबाईंनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन ठेवली होती. फळबाग लावावी, सदनाचा खर्च तिच्यातून काढावा, असा मूळ बेत. तेथे इमारत नव्हती. तंबू, मांडव आणि झोपड्या यांत मुलींना ठेवले, विहिरी खणल्या, आणि जे उभे राहिले त्याला मुक्ती सदन नाव मिळाले. सुंदराबाई पवार यांनी त्या गडबडीच्या महिन्यांत रमाबाईंना मोठा हात दिला. मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या कार्याच्या इतिहासात हे नाव उगाच मागे पडले आहे.

हे चित्र गोड करण्याचे कारण नाही. मुली कृतज्ञतेने हात जोडून उभ्या होत्या असे मुळीच नव्हते. महिनोन्‌महिने भुकेने ज्यांनी काढले त्यांना भाकरी लपविण्याची सवय लागते; पोट भरले तरी ती जात नाही. त्या भांडत, चोरी करीत, खोटे बोलत. काही दगावल्या, काही पळून गेल्या. शारदा सदनातील शिकलेल्या मुलींपुढे एकदम हा लोंढा आला. त्यांपैकी कित्येक ब्राह्मण विधवा; सदनात त्यांचा स्वयंपाक त्यांच्या सोवळ्याप्रमाणे वेगळा होत असे. आता ज्यांच्या डोक्यात उवा आणि अंगावर खरूज, ज्यांची जात विचारण्याचीही सोय नाही, अशा मुलींना न्हाऊमाखू घालणे, त्यांचे फोड धुणे, त्यांना अक्षरे शिकविणे हे काम पुढे आले. त्यांतील काहींनी ते उचलले. शेजारधर्म हा शब्द मराठीत फार सहज वापरला जातो. वाटीभर साखर उसनी देणे येथवर त्याचा अर्थ आला आहे. शेजारी कोणाला म्हणावयाचे हा प्रश्न बायबलातही एका शास्त्र्यानेच विचारलेला आहे, आणि त्याला उत्तर म्हणून व्याख्या मिळाली नाही. रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट मिळाली.

१८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील आणि छावणीतील व्यवस्थेवर, विशेषतः तेथे स्त्रियांच्या होणाऱ्या दैन्यावर, ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात कडक पत्र लिहिले. प्रकरण थेट पार्लमेंटात गेले आणि गव्हर्नरांच्या सरकारने ते आरोप नाकारले. १८९३ साली शारदा सदनातील धर्मांतरावरून ज्या ‘केसरी’ने रमाबाईंवर घणाघात केले होते, तो ‘केसरी’ही याच प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध लिहीत होता. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष संकटात एकाच बाजूला आले. राज्यकर्ते ख्रिस्ती आणि रमाबाईही ख्रिस्ती, म्हणून त्या गप्प राहतील अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांनी त्यांना ओळखलेच नव्हते.

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण तो टाळून या विषयावर बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुकेल्याला अन्न द्यावयाचे आणि त्याच हाताने धर्मही द्यावयाचा, हे योग्य काय? पोटार्थी ख्रिस्ती हा शब्द मराठीत अशाच प्रसंगांनी रूढ केला. मुक्ती सदनातील बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या आणि रमाबाईंनी आपला हेतू कधी लपविला नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे म्हटले गेले होते, त्यावरून १८९३ चा वाद पेटला. मुक्ती सदन प्रथमपासून उघड ख्रिस्ती होते. त्यात आडपडदा नव्हता एवढे खरे; पण आठ वर्षांच्या अनाथ मुलीपुढे दुसरा मार्ग होता असेही म्हणता येत नाही.

या प्रश्नाची टोचणी खुद्द मिशनऱ्यांनाही होती. १८७६-७८ च्या मद्रासच्या दुष्काळात तेलुगू प्रदेशातील ओंगोलच्या क्लाउ या अमेरिकन मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचे काम मक्त्याने घेतले आणि हजारो दलितांना मजुरी मिळवून दिली. बाप्तिस्मा मागणारे त्याच्याकडे रांगा लावून उभे राहिले. त्याने दुष्काळ चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणेच बंद केले. मदतीचे काम संपले, पिके आली, आणि मगच दार उघडले. ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. तो आकडा मिशनच्या इतिहासांतून अभिमानाने सांगतात. त्याआधीचे बंद दार अधिक मोलाचे होते.

मध्य प्रांतात या प्रश्नाला दुसरेही एक उत्तर मिळाले, ते लाहोरहून. लाला लजपतराय आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते १८९७ मध्ये याच प्रांतात येऊन अनाथ हिंदू मुलांना पंजाबातील अनाथालयांत नेऊ लागले. मुले मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत हा त्यांचा हेतू स्पष्ट होता. अनाथ मुले प्रथम स्वधर्मीयांच्या स्वाधीन व्हावीत, असा आग्रह लालाजींनी पुढे दुष्काळ आयोगासमोरही धरला. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. मात्र ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की चुरस लागल्यामुळे सांभाळल्या जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली. दमोहला डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट मिशनचे मुलांचे अनाथालय, धमतरीला १८९९ साली आलेले अमेरिकन मेनोनाइट, आणि पंजाबातून आलेले आर्यसमाजी, हे सर्व एकमेकांकडे संशयाने पाहत होते आणि एकाच गरीबखान्याच्या दारात उभे होते. मेनोनाइटांपाशी परस्परसाह्य हा धर्माचाच भाग मानला जातो. युरोपात छळ सोसून देशोधडीला लागलेला तो पंथ. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या दुष्काळासाठी त्यांनी अमेरिकेत मदत गोळा केली. १९२० साली रशियातील त्यांचेच बांधव उपाशी पडले तेव्हा त्यांच्यासाठी मध्यवर्ती समिती काढली, आणि तीच समिती पुढे बंगालच्या दुष्काळात आली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आणखी वेगळीच काळजी होती. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने नगरकडचा दुष्काळ पाहिला होता. घरात अनाथ मुले आली, त्यांचे लक्ष्मीबाईंनी कसे केले हे ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांना दिसत होते की जो समाज मदतीतून जन्मतो तो मदतीवरच जगण्याची सवय लावून घेतो. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. घेणाऱ्याने देणारा व्हावे, एवढ्यासाठी तो खटाटोप होता.

रमाबाईंनी तेच केडगावात वेगळ्या वाटेने साधले. १९०० साली गुजरात, काठेवाड आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा मुक्ती सदनातून माणसे मुली आणावयास गेली आणि सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली. तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातून आलेल्या मुली आता चालत्या-बोलत्या झाल्या होत्या. नव्यांना सांभाळण्याचे काम अशा मोठ्या मुलींवर आले. हिंदी बोलणारी, गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी मुलगी एका पंगतीत जेवू लागली. विणकाम, शिवण, तेलघाणा, गोठा, बाग, धुलाई, छापखाना, अशी कामे उभी राहिली. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी आणि वेताचे काम शिकविले जाई. दुष्काळात सर्वांत आधी टाकून दिली जाते ती आंधळी मुलगी. येथे तिच्या हाताने विणलेली टोपली कोणाच्या तरी उपयोगी पडू लागली. एकाच बाईच्या शब्दावर चालणाऱ्या संस्थेत जाच नसेल असे मानण्याचे कारण नाही, आणि १९०५ मधील तेथील धार्मिक उमाळ्याने अनेक ख्रिस्ती मंडळीही बावरून गेली होती. तरी गरीबखान्यातली माणसे आणि या शेतावरची माणसे यांत फरक पडला होता. तेथे एक वाढी आणि दुसरा हात पुढे करी. येथे काल जिने हात पुढे केला ती आज वाढीत होती.

छापखान्याबद्दल आणखी थोडे सांगावयास हवे. मराठी बायबल होते, पण त्याची भाषा अडाणी स्त्रीला कळत नाही, हे रमाबाईंना वर्गात रोज दिसत होते. संस्कृतात काव्य करणाऱ्या या पंडितेने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून नवे भाषांतर हाती घेतले आणि त्यात संस्कृत शब्द हटकून टाळले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणी, सर्व सदनातील स्त्रियांच्या हातून होत होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.